जंगलात फुकटचा तंबू: मोकळीक राहू द्यावी की खुंट्या ठोकाव्यात?

रानभूल (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून जवळपास २७०० मीटरवर. जुलैत तिथल्या कुरणांवर इतकी रानफुलं येतात की कास पाहून आलेली आमची आईसुद्धा पाच मिनिटं गप्प झाली होती. (आईला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळेल.) गावाच्या वर स्लेट नदीचं खोरं लागतं. तिथे आमची एक जागा होती. 'आमची' म्हणजे सातबारा नव्हता आमच्या नावावर. कच्च्या रस्त्यावरून आत वळलं की स्प्रूसच्या चार झाडांखाली सपाट तुकडा, धुराने काळे झालेले तीन दगड, आणि थोडं चाललं की ओढा. २०१६ पासून दर उन्हाळ्यात जायचो. बुकिंग नाही, पैसे नाहीत, शेजारी नाही. निघताना ते तीन दगड मुद्दाम तसेच ठेवायचो. पुढच्या वर्षी ते दिसले की घरी आल्यासारखं वाटायचं.

२०२१ पासून तिथल्या खोऱ्यांमधला नियम बदलला. ठरावीक जागा आखून तिथे आकडे घातलेल्या खुंट्या रोवल्या. खुंटी असेल तिथेच तंबू. जो आधी येईल त्याची जागा, सगळ्या भरल्या की मागे फिरा. आमच्या तुकड्याला खुंटी मिळाली नाही, गाडीवाटेवर मोठाले धोंडे आडवे आले. मग आम्ही दुसरीकडे जायला लागलो. परवा लेकीने विचारलं, "बाबा, आपल्या जागेने काय चूक केली होती?" म्हणून हा धागा.

हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. अमेरिकेत १५४ राष्ट्रीय वनं आहेत, एकूण १९ कोटी ३० लाख एकर. म्हणजे अडीच महाराष्ट्र मावतील एवढं रान. राष्ट्रीय उद्यानं वेगळी. तिथे जपणूक आणि पर्यटन चालतं, इथे लाकूडतोड, गुरांची चराई, शिकार, खाणी आणि भटकंती सगळं एकाच जमिनीवर. या वनांत बहुतेक ठिकाणी आखीव कॅम्पग्राउंड सोडून कुठेही, रस्त्याच्या कडेला पूर्वीपासून वापरात असलेल्या जागी, साधारण १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो. याला इथे 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात, म्हणजे पांगून केलेला मुक्काम. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही, फोनला रेंजही बहुतेक नाही. पाण्यापासून १०० ते २०० फूट लांब राहायचं, आणलेलं सगळं परत न्यायचं, एवढाच करार.

याउलट कॅम्पग्राउंड. नावाजलेल्या ठिकाणचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. एवढं करून मिळते ती काय, तर डांबरी वळणावरची पार्किंगची चौकट, आणि शेजारच्या घरघरत्या जनरेटरची अंगाई.

माझं म्हणणं: वाट चुकत, विचारत, स्वतःच्या अकलेने जागा शोधून राहणं हाच या मुक्कामाचा गाभा आहे. त्याला आकडा लावला की तो कॅम्पग्राउंडच झाला, फक्त संडास नसलेला. चुकणाऱ्याला दंड करा, पण रान मोकळं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?

हेमांगी

लेख मनापासून उतरलाय, तरी मी सरळ विरुद्ध पक्षात.

उन्हाळ्यात महिन्यातले दोन शनिवार मी जंगलात सफाईला जाते, स्वयंसेवक म्हणून. कोणत्या खोऱ्यात ते सांगत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी इथलेच चार आयडी तंबू घेऊन हजर. गेल्या वर्षी एका कुरणाच्या कडेला, सोसायटीच्या पार्किंगएवढ्या पट्ट्यात, आम्ही शेकोटीची अकरा कडी मोजली. अकरा! दुसऱ्याच्या राखेवर कोणाला बसायचं नसतं. प्रत्येक जण आधीच्याच्या दहा पावलं पुढे गाडी घालतो. त्याच्यापुढे पुढचा. असं करत कुरण बोडकं होतं. तीन हजार मीटरवर गवताला वाढायला वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. चाकाखाली दडपलेली माती तिथे आपल्या हयातीत पूर्ववत होत नाही हो.

आणि झुडपांमागची पांढरी फुलं! लांबून खरंच फुलं वाटतात. जवळ गेलं की टॉयलेट पेपर. नियम काय, सहा ते आठ इंच खड्डा, पाण्यापासून २०० फूट. लोकांचे सहा इंच म्हणजे बुटाच्या टाचेने उकरलेली पाचोळ्याखालची जागा. बरं, इतक्या उंचीवर, थंड कोरड्या मातीत पुरलेलंही लवकर कुजत नाही. त्याच ओढ्याचं पाणी गाळून तुम्ही चहा करता.

तुमच्या तीन दगडांबद्दल बोलू का? रागावू नका. ते दगड तुम्हाला घरासारखे वाटायचे. मागून येणाऱ्याला ते 'इथे मुक्काम करा' अशी पाटी वाटायचे. खुंटीपेक्षा ते वेगळे नव्हते, फक्त ती खुंटी तुम्ही रोवली होती.

चिंचोका

थोडक्यात, अमेरिकेत टमरेल घेऊन बसायलासुद्धा आधी टेप लावून अंतर मोजावं लागतं. चालू द्या.

रानभूल

हेमांगी, शेवटचं वाक्य लागलं. मान्य करायला वेळ लागेल, तोपर्यंत वाद घालतो.

तुम्ही जे सांगताय ती शिस्तीची अडचण आहे आणि तुम्ही तिच्यावर भूगोलाचा इलाज करताय. कॅलिफोर्नियात उघड्यावर शेकोटी पेटवायची तर परवाना लागतो. फुकट आहे, पण आधी एक छोटा व्हिडिओ बघायचा आणि चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. मुक्कामासाठी असंच करा. खड्डा किती खोल, अस्वलापासून खाणं कसं ठेवायचं, राख कशी विझवायची, हे ज्याला येतं त्याला जंगल मोकळं. खुंटी ठोकून काय होतं? ज्याला खड्डा खणता येत नाही तो आता सात नंबरच्या खुंटीमागे खणत नाही, एवढंच.

हेमांगी

हो, पण मग मला सात नंबरच्या मागेच उचलायला जावं लागतं, अख्ख्या खोऱ्यात नाही. आणि प्रश्नोत्तरांनी माणूस शहाणा होतो यावर माझा विश्वास नाही. २००२ साली कोलोरॅडोतला हेमन वणवा शेकोटीबंदी चालू असताना लागला, १ लाख ३७ हजार एकरांहून जास्त जंगल गेलं. लावणारी वनखात्याचीच कर्मचारी होती. तिला सगळे नियम पाठ असणार.

डोंगरमामा

ॲरिझोनात २४ वर्षं काढली, त्या जोरावर दोघांनाही दोन शब्द सुनावतो. मुक्काम आणि शेकोटी या दोन गोष्टी वेगळ्या करा, निम्मं भांडण मिटेल.

२०११ च्या मे महिन्यात आमच्या राज्याच्या पूर्व भागात दोघा जणांनी मुक्काम केला आणि शेकोटी विझली असं समजून निघाले. त्यातून वॉलो वणवा लागला. ५ लाख ३८ हजार एकर. गोवा राज्य डोळ्यांपुढे आणा, त्याच्या निम्म्याहून जास्त. ॲरिझोनाच्या नोंदीतला तो सगळ्यात मोठा वणवा. त्या दोघांनी तंबू ठोकल्याने काय बिघडलं होतं? काही नाही. तंबूने जंगल जळत नाही.

शेकोटी विझवायची रीत मी मुलांना अशी शिकवली: पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, मग उलटा हात राखेवर धरा, आणि शेवटी राखेत बोटं घाला. ऊब लागली तर अजून निघायचं नाही. नुसती माती लोटायची नाही, आतले निखारे वारा सुटेपर्यंत जिवंत राहतात. याला अर्धा तास आणि दोन-तीन बादल्या पाणी लागतं. जो एवढं पाणी वाहून नेत नाही त्याने गॅसच्या शेगडीवर पिठलं करावं आणि आकाशाकडे बघत बसावं. गेली कित्येक वर्षं मी हेच करतो. आणि घरचं सरपण गाडीत घालून तिकडे नेऊ नका. लाकडातून किडे जातात. ॲश नावाच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला. तो एवढा पसरला त्याला लोकांनी गाडीतून नेलेलं सरपण मोठं कारण आहे.

नवख्यांसाठी एक: वनातल्या रस्त्याच्या पाटीवर आकडे आडवे लिहिलेले असले तर साधी गाडी जाते. अरुंद तपकिरी खांबावर उभे, एकाखाली एक लिहिले असतील तर तुमची सेदान तिथूनच वळवा. हे ठाऊक नसल्याने मी एकदा गाडीचं तळ फोडून घेतलं आणि बायकोचं बोलणं रात्रभर ऐकलं. तंबू एकच होता.

चिंचोका

मामा, शेवटच्या वाक्यासाठी वेगळा धागा काढा.

निशिगंधा

मी एकटी जाते म्हणून माझी बाजू वेगळी आहे आणि इथे अजून कोणी ती मांडली नाही.

रानभूल लिहितात 'शेजारी नाही'. पुरुषाला ते वाक्य स्वर्गासारखं वाटतं. मी एकटी, सावळी, नाव सांगितलं की तीनदा उच्चारून दाखवावं लागतं. मला शेजारी पाचशे फुटांवर हवा, अगदीच नको असं नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, राज्य सांगत नाही. रात्री साडेअकराला पिकअपचा आवाज आला आणि दिवे थेट तंबूवर. दार उघडल्याचा आवाज, जड बुटांची पावलं. अस्वलासाठीचा फवारा हातात घेऊन मी बसून राहिले. बाहेरून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, माफ करा, माझी दोन वासरं या बाजूला आलीत का? तो गुराखी होता. त्या जमिनीवर त्याच्या गुरांना चराईचा परवाना होता, बहुधा माझ्या जन्माच्याही आधीपासून. सकाळी वासरं सापडली आणि तो मला अंडी देऊन गेला. गोष्ट गोड संपली, पण ती रात्र मी विसरले नाही.

खुंटीचा मुद्दा असा. त्या रात्री फोनला रेंज असती तरी मी ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, काय सांगितलं असतं? "चार झाडांखाली, तीन दगडांपाशी"? खुंटीवर आकडा असला की मी आहे कुठे ते सांगता येतं. घोटा मुरगळला, साप चावला, काहीही झालं तरी. उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र घ्या म्हणाल. घेतलंय. ते सगळ्यांना परवडत नाही.

पाटीबहाद्दर

मुक्काम पोस्ट पुणे. तुमच्या देशातलं मला कळत नाही, पण सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकतोय. मोकळीक दिली की काय होतं ते बघायचं असेल तर या. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ शनिवारी रात्री तंबूंची चाळ लागते. काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनला, भंडारदऱ्याच्या वाटेवर गाड्यांचे दिवेच एवढे असतात की काजव्यांनी लाजून बंद व्हावं. पूर्वी आम्ही गडावरच्या गुहेत पथारी टाकायचो, चार माणसं असायची. आता पत्रावळ्या, थर्माकोल, कर्णे. त्यामुळे खुंट्याच काय, मी तर कुलपं लावा म्हणेन.

रानभूल

पाटीबहाद्दर, काजव्यांचं दुःख समजतं. पण "आम्ही चार जण होतो तेव्हा छान होतं" या वाक्यातून तुम्हीही माझ्याच बोटीत बसता हे लक्षात आलं का? आपण दोघंही फक्त लवकर पोचलो होतो.

पाटीबहाद्दर

आलं लक्षात. म्हणूनच चिडलोय.

बांबू

मी गडचिरोलीकडचा. तुमी लोकं जंगलात हौसेनं झोपाले जाता हे वाचूनच मजा वाटली.

आमच्याकडे १९२७ चा इंग्रजाईचा वन कायदा अजून चालू आहे. राखीव जंगलात परवानगीबिगर पाय ठेवला त गुन्हा, चूल पेटवली त गुन्हा. आमच्या आज्याले मोहफुलं वेचाले गेला म्हणून गार्डानं पकडलं होतं. हे बी खरं आहे का मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळाले लोकं आग लावतात अन् कधी कधी त्यातून वणवा लागते, ते मी लपवत नाही. पण ज्याचं पोट त्या जंगलावर आहे त्याले चोर म्हणाचं अन् बाहेरून येणाऱ्याले पर्यटक, हे आमी लहानपणापासून पाह्यलं. २००६ चा वनहक्क कायदा आला, मग मेंढा-लेखासारख्या गावाले सामूहिक हक्क भेटला, बांबू गावानं सोता विकला. तवा कुठं जंगल 'आपलं' म्हणता आलं.

म्हणून इचारतो. रानभूलदादा, तुमी म्हणता रान सगळ्यायचं. तुमच्या त्या गावात पह्यले कोन राहत होतं?

रानभूल

बांबू, हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, फक्त गडचिरोलीहून येईल असं वाटलं नव्हतं.

यूट लोक. त्या डोंगरात ते उन्हाळ्यात शिकारीला यायचे, म्हणजे मुक्काम हलवत राहणं हीच त्यांची रीत होती. १८८१ मध्ये सैन्य लावून त्यांच्यातल्या बहुतेकांना कोलोरॅडोतून युटाकडे हुसकावलं. राष्ट्रीय वनं त्यानंतरची, वनखातं तर १९०५ चं. तेव्हा 'सगळ्यांचं रान' हे शब्द ज्यांनी लिहिले त्यांच्या 'सगळ्यां'त यूट नव्हते. माझ्याजवळ याचं उत्तर नाही. खुंटी असो वा नसो, त्या बाबतीत मी पाहुणाच.

फ्योर्डकाका

ओस्लोहून नमस्कार. इकडे हा वाद कसा सोडवलाय ते सांगतो, कारण इथे मोकळीक कायद्यात लिहिली आहे. नॉर्वेत 'अलेमान्सरेत्तेन' म्हणजे सर्वजनांचा हक्क. १९५७ च्या कायद्याने पक्का केला. शेतीबाहेरच्या मोकळ्या रानात कुणीही चालावं, बेरी खुडाव्यात, तंबू लावावा, जमीन खाजगी असली तरी! राहत्या घरापासून १५० मीटर लांब, आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त नाही, वस्तीपासून दूरच्या डोंगरात त्याहून जास्त चालतं. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत उघडी आग पेटवायला बंदी. डोंगरमामांना हे आवडेल.

गर्दी जास्त म्हणून खुंट्या, हे कारण मला पटत नाही. नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, कोलोरॅडोची थोडी जास्त. तरी इथे शाळेतली पोरं सहलीला जाऊन तंबू ठोकायला, चाकूने लाकूड तासायला शिकतात. हक्क लहानपणीच हातात आला की सांभाळताही येतो. तुमच्याकडे माणूस तिसाव्या वर्षी दुकानातून अख्खं जंगल विकत घेतो आणि शनिवारी पहिल्यांदा खड्डा खणतो.

हेमांगी

काका, वाचायला फार सुंदर. पण कोलोरॅडोत फक्त कोलोरॅडोकर येत नाहीत. टेक्सास येतं, कॅन्सास येतं, गावोगावचे आपले लोक येतात. शिवाय फोनवरची ॲप. मोफत जागांचे नकाशे, फोटोसकट, "इथून सूर्यास्त अप्रतिम दिसतो". २०२० च्या उन्हाळ्यात, बाकी सगळं बंद असताना, लोक डोंगरात लोटले. त्यानंतरच या आखणीला जोर आला. ॲरिझोनात सेडोना गावाच्या पश्चिमेलाही असंच झालं, आता ठरवून दिलेल्या जागांतच राहायचं. कुणाला हौस नव्हती खुंट्या ठोकायची.

अवली ओरेगॉनकर

सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली आहे आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. जंगलात फुकट राहणारे सगळे हौशी नाहीत.

मी ओरेगॉनमधल्या बेंड गावाजवळ राहतो. गावाच्या दक्षिणेला डेशूट्स राष्ट्रीय वन सुरू होतं. तिथे चायना हॅट नावाच्या रस्त्याच्या कडेने बरीच वर्षं माणसं राहत होती. जुन्या मोटरघरांत, व्हॅनमध्ये, तंबूत. काही जण सकाळी उठून गावात कामाला जायचे. भाडं परवडत नाही म्हणून जंगल. १४ दिवसांचा नियम त्यांनाही लागू, तो झाला की गाडी थोडी पुढे ढकलायची. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास (ओरेगॉनमधलंच एक गाव) खटल्यात निकाल दिला की गावांना रस्त्यावर, बागेत झोपणाऱ्यांना दंड करता येईल. गावातून हाकललं की माणूस कुठे जाणार? रानात. आणि २०२५ च्या मे महिन्यात तो जंगलाचा पट्टाही मोठ्या काळासाठी बंद केला, वणव्याचा धोका कमी करायला झाडी विरळ करायची म्हणून. कारण खरं आहे, झाडी दाट झालीच होती. पण त्या दिवशी गाड्या ओढून नेताना पाहिल्या ते विसरता येत नाही.

आपण दोन रात्रींसाठी हजार डॉलरचं सामान घेऊन 'साधेपणा' अनुभवायला जातो. तोच तंबू, तीच जमीन, तोच नियम, आणि पलीकडच्या वळणावर कुणाचं ते घर असतं. सफाईवाल्यांना तिथे जास्त कचरा सापडतो हे मी नाकारत नाही. घरातला कचरा आहे तो. महानगरपालिकेची गाडी येत नाही तिथे.

रानभूल, तुमच्या क्रेस्टेड ब्यूटलाही बघा. २०२१ च्या जूनमध्ये त्याच गावाने घरटंचाईची आणीबाणी जाहीर केली होती. म्हणजे खुंट्या आल्या त्याच उन्हाळ्यात. ज्या हॉटेलात तुम्ही परतीच्या दिवशी नाश्ता करता, तिथला भांडी घासणारा पोरगा कुठे झोपत असेल हा विचार कधी केला होता का?

रानभूल

नाही केला. खरंच नाही केला.

चिंचोका

माझा या वेळी विनोद नाही.

निशिगंधा

अवली, माझ्या आधीच्या प्रतिसादात 'शेजारी' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्यासारखेच तंबूवाले होते हे कबूल करते. एका जुन्या मोटरघराशेजारी मी एकदा जागा बदलली होती. का बदलली ते स्वतःला विचारत बसलेय.

पण मग खुंटीबद्दल तुमचं काय मत? ते सांगितलं नाहीत.

अवली ओरेगॉनकर

माझं मत खुंटीच्या बाजूने नाही, विरुद्धही नाही. बुकिंगच्या मात्र ठाम विरुद्ध. 'जो आधी येईल त्याची' आणि फुकट, तोवर ठीक. आज आकडा लावला, उद्या आकडा संकेतस्थळावर चढवला, परवा रात्रीचे पंचवीस डॉलर. क्रेडिट कार्ड नसलेला माणूस तिथेच कटाप. आकडा असणं ही त्या जिन्याची पहिली पायरी आहे हे मी बघितलंय, म्हणून धास्ती वाटते.

डोंगरमामा

इथे मी अवलीच्या बाजूने. आणि एक जोडतो. २०२५ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये लाखो एकर सार्वजनिक जमीन विकायचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला होता. शिकारी, मासे धरणारे, गिर्यारोहक, सगळे एकत्र ओरडले आणि महिनाअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या ओरडणाऱ्यांतले कितीतरी जण जंगलात फुकट झोपून त्या जमिनीच्या प्रेमात पडलेले होते. उद्या सगळं आखलं, कुलुपात ठेवलं, तर पुढच्या वेळी ओरडायला कोण उरणार? हेमांगीताई, याचा विचार करा.

हेमांगी

मामा, करते. पण तुम्हीही एक विचार करा. ओरडायला लोक हवेत म्हणून कुरण तुडवू द्यायचं, हा हिशोब कुरणाला विचारून केलेला नाही.

बुकिंगला माझाही विरोध आहे, हे आधी लिहायला हवं होतं. २०२५ च्याच फेब्रुवारीत वनखात्यातले हजारो कर्मचारी एका झटक्यात काढले. पुढे आदेश आले म्हणून बऱ्याच जणांना परत बोलावलं. रानभूल म्हणतात चुकणाऱ्याला दंड करा. करणार कोण? आमच्या भागात शनिवारी एक रेंजर दिसला तर आम्ही त्याला थांबवून चहा पाजतो. म्हणून खुंटी. तिला पगार लागत नाही.

पाटीबहाद्दर

"खुंटीला पगार लागत नाही." हे वाक्य आमच्या वनखात्याला पाठवू नका, उद्या सगळे वनरक्षक घरी बसवतील.

बांबू

आमच्याकडे गावातली मानसं पाळीपाळीनं जंगलाची राखन करतात. पगार बी नाही अन् खुंटी बी नाही. पन ते जंगलाशेजारी राहतात. तुमी चार तास गाडी चालवून जाता, फरक तिथं आहे.

रानभूल

धागा काढून तीन आठवडे झाले. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही गेलो होतो, मुद्दाम त्याच खोऱ्यात. ॲस्पेनची झाडं पिवळी पडायला नुकतीच लागलीत. पोचायला साडेतीन झाले, पहिल्या सगळ्या खुंट्या भरलेल्या. शेवटच्या काहींपैकी एक मिळाली. शेजारी होते, दीडशे फुटांवर, म्हातारं जोडपं. रात्री त्यांचं बोलणं ऐकू येत होतं आणि मला ते आवडलं नाही. लेकीला आवडलं, ती त्यांचा कुत्रा खेळवत होती. मत बदललं का? अर्धं. खुंटी चालेल, बुकिंग नको, आणि दोन खोरी सोडून तिसरं तरी बिनआकड्याचं राहू दे.

रविवारी आम्ही जुन्या जागेपर्यंत चालत गेलो. धोंडे ओलांडून पायी जायला बंदी नाही. चाकोऱ्यांमधे गवत आलंय, गुडघ्याएवढं नाही, पण आलंय. तीन दगड तिथेच आहेत.

हेमांगी

उचलून पांगवायचे होतेत ना! काळी बाजू खाली करून.

रानभूल

लेक नको म्हणाली.

हेमांगी

बरं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आमची या वर्षाची शेवटची सफाई आहे. खोऱ्याचं नाव खासगी निरोपातून कळवते. या दोघं. हातमोजे आणि फावडं आणा.

रानभूल

फावडं आहे. केशरी, प्लास्टिकचं, खड्ड्याचं.

हेमांगी

ते नको. लोखंडी आणा. चौदा चुली मोडायच्या आहेत.

चिंचोका

अकरा होत्या ना?

हेमांगी

गेल्या वर्षी.